गवराबाईच्या परसातली राखण

चिखलीच्या गवराबाईचा विश्वास होता तो एकाच जिवावर, परसातल्या जुन्या चौथऱ्याखाली राहणाऱ्या नागावर. बाकी सगळं जग तिच्या लेखी चोर. गिरणीवाला पीठ मारतो, बोका जन्माचा हरामखोर, मुंगूस तर त्याच्याहून लबाड. नाग तेवढा घराची राखण. सासूनं सांगून ठेवलं होतं, "ह्याच्यावर काठी उगारायची न्हाई." नवरा गेला, लेकी नांदायला गेल्या, तरी म्हातारी येता-जाता चौथऱ्याला हात जोडायची.

पिंपरीला कारखाना निघाला तसा बीडकडचा चिमाजी कामाला आला आणि बायकोला, आक्काबाईला घेऊन गवराबाईच्या पडवीत राहू लागला. आक्काबाई मोठी गुणाची. तिला दिवस गेले होते, तरी म्हातारी तापानं पडली तेव्हा पेज करून तिनंच भरवली. गवराबाईचा जीव जडला होता पोरीवर. पण जीव जडला म्हणून संशयाची नजर काढून घेईल, तर ती गवराबाई कसली!

उन्हाळ्यात तांबडी कोंबडी खुडूक झाली. गवराबाईनं पाटीत काड घालून तिला अंड्यांवर बसवलं आणि प्रत्येक अंड्यावर कोळशाची रेघ ओढली. दुसरी कोंबडी मध्येच येऊन अंडं घालून गेली, तर ते ओळखून बाजूला काढता यावं म्हणून. झालं भलतंच. रेघांचीच अंडी कमी होऊ लागली.

बोका म्हणावं, तर टरफलं पडली असती. मुंगसाचंही तेच. इथं टरफल नाही की ओल नाही. मग तिनं पाटीभोवती चुलीतली राख पसरली. सकाळी बघते तर कुणाच्या पायाचा ठसा नाही, राख मधेच फडकं फिरवल्यागत पुसलेली!

"माणसाचंच काम हाय हे," गवराबाई पुटपुटली. आणि परसात वावरणारं माणूस दुसरं होतं कोण? त्यात पोटुशी बाई, तिला खायची वासना होणारच.

"मागितली असतीस तर दिली नसती व्हय गं?" ती आक्काबाईवर कडाडली.

"मावशी, म्या हात लावला न्हाई."

"मग राख काय वाऱ्यानं पुसली? चल भैरोबाच्या देवळात. उचल बेलभंडारा!"

सगळी आळी गोळा झाली. पोट सावरत आक्काबाई वाकली, देवापुढचा बेलभंडारा उचलून शपथ घेतली, आणि घरी येऊन भांडी बांधायला बसली. गवराबाईला तेही खटकलं. खोटी नाही तर निघाली कशाला?

दुसऱ्या दिवशी दारात बैलगाडी लागली. चिमाजी सामान चढवत होता, तोच परसात कोंबडीनं आकांत मांडला. गवराबाई धावली. पाटीत नाग! गळ्याखाली गोळा फुगलेला. म्हातारी एवढ्यानं किंचाळली की नाग सरसरत राखेतून चौथऱ्याकडे पळाला. तिथं अंग आवळून त्यानं एक अंडं ओकलं, मग दुसरं, आणि हलका होऊन बिळात शिरला. अंडी अख्खी. बुळबुळीत झाली होती, पण कोळशाची रेघ अजून दिसत होती. आणि मागची राख? फडकं फिरवल्यागत पुसलेली.

"अगं बया! ही राखण?" गवराबाई अंड्यांपाशी वाकली.

कुणी पाहिलं नव्हतं. पायानं अंडी उकिरड्यात ढकलली असती, तर राखणही राहिली असती आणि तिची अब्रूही. तसं मनात आलंच तिच्या, आणि आपलीच तिला किळस आली. अंडी पदरात घेऊन ती थेट गाडीपाशी गेली आणि आळीला ऐकू जाईल अशी ओरडली, "आक्का, जीभ झडो माझी! चोर माझ्याच घरचा निघाला, चौथऱ्याखालचा! तू उतर पोरी. ही घे, तुलाच घे, करून खा."

आक्काबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"मावशी, खाली ठिवा ती. माझ्या हातात कुणी बघितली, तर परत देवळात न्याल."

चिमाजीनं बैलांना हाक दिली. गाडी वळणाआड झाली तरी गवराबाई अंडी पदरात धरून दारातच उभी होती.