चारातला एकच कोअर

हिंगण्याच्या एका कारखान्याने मला बोलावलं, तेव्हा सर्व्हरसाठी जादा रॅम, म्हणजे मेमरी, आधीच येऊन पडली होती. कंप्युटर कशामुळे मंदावतात ते शोधणं हा माझा धंदा, आणि औषध आधी, डॉक्टर नंतर, हा प्रकार मला नवा नव्हता.

तक्रार गेटपासची होती. भरलेला ट्रक बाहेर काढायचा तर डिस्पॅचच्या खिडकीवरून पास छापून घ्यावा लागे, आणि दुपारी तो निघता निघत नसे. खिडकीवरच्या बाई पन्नाशीतल्या, कन्हानहून येणाऱ्या. ट्रकवाले त्यांच्यावर ओरडायचे. कारखान्याच्या साहेबांनी तर त्यांना पॅकिंगमध्ये पाठवून तिथे एखादी तरुण मुलगी बसवायचं ठरवलंच होतं.

"मले कंप्युटर जमत नाही म्हणतेत," बाई मला म्हणाल्या. "तुम्हीच पाहा नं मॅडम. बटण मी दाबलं. आता ते गोल गोल फिरून राहिलं, त्याले मी का करू?"

मी त्यांच्या मागे उभी राहून पाहिलं. बोटं झरझर चालत होती. पुढची माहिती भरायला हात तयार, पडदा मात्र गोठलेला. चूक या खुर्चीत नाही, एवढं मला तिथेच कळलं.

सर्व्हर शेजारच्या खोलीत होता. मी कामगिरी दाखवणारा पडदा उघडला. साहेब माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होते. मेमरी निम्मी रिकामी. डिस्क शांत. प्रोसेसर जेमतेम पाव भरलेला.

"पाहा, प्रोसेसर तर आराम करतोय," साहेब म्हणाले. "रॅम बसवून टाका ना."

"रिकामी जागा वाढवून काय मिळणार साहेब? आणि हा पाव आकडा सरासरीचा आहे. आत चार कोअर आहेत, ते वेगळे करून पाहू."

एका आलेखाचे चार झाले. तीन रेषा तळाशी लोळत होत्या. चौथी छताला चिकटलेली, खाली यायचं नावच घेईना.

"चौघं कामावर आहेत," मी म्हटलं. "तिघं चहा पितायत आणि सगळी पोती एकाच्याच पाठीवर. तुमचं सॉफ्टवेअर जुनं आहे, त्याला एकच कोअर वापरता येतो. गेटपासही त्याच्याच मागे ताटकळतोय."

आता त्या कोअरला कोण राबवतंय ते पाहायचं होतं. एकच रिपोर्ट पुन्हा पुन्हा चालत होता: आज किती ट्रक गेले. तो मागणारं यंत्र कुठलं, तेही दिसलं. मी आडपडदा ठेवला नाही.

"साहेब, तुमच्या केबिनमधला भिंतीवरचा टीव्ही जरा बंद करता?"

"काहून?" इतका वेळ सांभाळलेला साहेबी सूर एकदम सुटला.

ट्रक वेळेवर निघतात का, हे बसल्या जागी दिसावं म्हणून त्यांनी तो लावून घेतला होता. सकाळी ते शॉपवर, यंत्रांमधून फिरत. दुपारी केबिनमध्ये येऊन टीव्ही लावत. टीव्ही दर थोड्या वेळाने आजचा आकडा विचारी, आणि सॉफ्टवेअर त्यासाठी कारखान्याच्या पहिल्या ट्रकपासून सगळं मोजत बसे. नोंदी वाढत गेल्या तसा पास रखडत गेला.

साहेब स्वतः जाऊन बंद करून आले. छताची रेषा धपकन खाली बसली. पलीकडे प्रिंटर खडखडला आणि बाईंचा आवाज आला, "निघाला वं मॅडम, निघाला!"

"पुन्हा लावून पाहतो," साहेब म्हणाले. हे मला आवडलं. लावला, रेषा वर. बंद केला, खाली.

"म्हणजे मीच ट्रक अडवून राहिलो होतो."

ते तसेच खिडकीवर गेले आणि ट्रकवाल्यांसमोर बाईंना म्हणाले, "चूक तुमची नव्हती. तुम्ही इथंच बसा."

"मी तं पहिलेपासून सांगून राहिली होती साहेब," बाई म्हणाल्या, आणि पुढच्या ट्रकवाल्याचे कागद घ्यायला त्यांनी हात पुढे केला.

रिपोर्टने फक्त आजच्याच नोंदी मोजाव्यात, एवढा बदल मी केला आणि टीव्हीही पुन्हा लावून दिला. काही दिवसांनी सगळं ठीक आहे ना हे विचारायला दुपारी मुद्दाम खिडकीवर फोन केला.

"बोला मॅडम, पण लवकर बोला," बाई म्हणाल्या. मागे प्रिंटर न थांबता खडखडत होता. "ट्रक उभा आहे."