दोधू पेंटरचा पांढरा हात

शहाद्यात दोधू पेंटरला घर रंगवायला बोलवायचं, तर आधी त्याच्या प्रश्नांची तयारी ठेवायची. ही खिडकी इकडेच का काढली? देवघरात आरसा कोणी लावला? नवी सून भाकरी थापते का? हातात ब्रश, गालात सुपारी आणि डोळे घरभर. लोक वैतागत, पण बोलवत त्यालाच. श्रावणात कानबाई देवी बसवायच्या आधी घराला रंग लागलाच पाहिजे, आणि पोपटी म्हणा, गुलाबी म्हणा, डोळ्यांत भरेल असा रंग द्यावा तर दोधूनेच.

सगळ्यात रंगीत घर त्याचं स्वतःचं, आणि त्याला कारण होती त्याची बायको सिंधुबाई. तिची नजर जात चालली होती. मोतीबिंदू काढून झाला, तरी आतल्या पडद्याचं दुखणं राहिलंच. डॉक्टरांनी सांगून टाकलं, आहे तेवढं राहील, जास्तीची आशा नको. दोधूने आपल्यापरीने उपाय काढला. हिला कमी दिसतं ना, मग रंग जास्त! भिंती पोपटी केल्या, त्यावर गुलाबी पट्टा ओढला, पुढच्या कानबाईला वेली काढल्या, त्याच्या पुढच्या वर्षी मोर नाचवले. अन् सिंधुबाई बिचारी आणखीच धडपडायला लागली.

गेल्या कानबाईला शेजारणींनीच नैवेद्याचे रोट केले. ज्या बाईच्या हातचे मांडे अख्खी गल्ली वाखाणायची, ती स्वतःच्याच घरात पाहुणीसारखी कोपऱ्यात बसून राहिली. त्यानंतर तिने चुलीचं नावच टाकलं. भाकरी दोधू थापायचा, वेड्यावाकड्या, काठाला जळक्या. त्याला त्याचं काही नव्हतं. ही बाई उठून घरात वावरावी, एवढंच त्याला हवं होतं.

अशात त्याला पुरुषोत्तमनगरला काम लागलं. हेमकांत पाटलांची बायको चेतना नाशिकला घरसजावट शिकून आलेली. तिने नवं घर आतून सगळं पांढरं सांगितलं. पडदा नाही, झालर नाही, काचेच्या कपाटात बाहुली नाही. फिक्या लाकडाचं एक टेबल, काळ्या खुर्च्या, बस्स.

"ताई, परायमर झाया. आते रंग कोनता?" अस्तराचा पांढरा हात संपवून दोधूने विचारलं.

"हाच रंग, दोधूभाऊ. स्कँडिनेव्हियन पद्धत आहे ही."

दोधूने तो शब्द सुपारीबरोबर घोळवून पाहिला. इस्कंदन की काय. मग सुरू झाला. कुठे आलं हे गाव? तिथल्या लोकांना रंग मिळत नाही का? चेतना हसत हसत सांगत बसली. ते गाव नाही, थंड मुलुख आहे. हिवाळ्यात तिथे सूर्य नावापुरता उगवतो. म्हणून भिंती पांढऱ्या ठेवतात, घरात शिरेल तेवढा उजेड वाया जाऊ द्यायचा नाही. सामानही मोजकंच, म्हणजे जे आहे ते नीट दिसतं.

"आते माय वं!" दोधू म्हणाला. सूर्य न उगवणारा मुलुख! त्याला शहाद्याचा मे महिना आठवला आणि हसूच फुटलं.

दुपारी आभाळ भरून आलं अन् वीज गेली. दोधू शिडीवरून उतरला. खोलीत पार अंधारून आलं होतं, तरी कोपऱ्यातली काळी खुर्ची त्याला लांबून दिसत होती. पाय न् पाय मोजून घ्यावेत अशी. तो दारात गेला, डोळे अर्धे मिटले, पुन्हा पाहिलं. तरी दिसतेच. त्याला सिंधुबाई आठवली. उरलेला रंग चेतनाताईंकडून मागून घेतला आणि त्याने घर गाठलं.

मोरांवर पहिला हात मारताना त्याला वाईट वाटलं नाही असं नाही. एकेक पीस जीव लावून काढलेलं. त्यात शेजारची दगूबाई डोकावली. "दोधूभाऊ, परायमर मारीसन सोडी दिन्हं का? रंग कव्हय लावशात?"

ते सिंधुबाईच्या कानावर पडलं. भिंतीचा वास तिला कळतच होता.

"कोनता रंग दी ऱ्हायनात?"

"पांढरा."

बाई असं बोलली की दोधूच्या हातातला रोलर थांबला. "मन्हा डोया गयात म्हनीसन रंगबी बंद का?"

सूर्य न उगवणाऱ्या मुलखाची गोष्ट सांगावी तर तीच म्हणणार, याचं डोकं फिरलं. आणि खरं तर त्यालाही कुठे खात्री होती? फसलं, तर मोर गेले ते गेलेच, आणि वर बायकोचं मन मोडल्याचं पाप. त्याने दुसरा हात पुरा केला. खोलीतल्या पेट्या, बोचकी, मोडका स्टूल सगळं मागच्या ओट्यावर नेऊन टाकलं. सिंधुबाई दोन दिवस त्याच्याकडे पाठ करून बसली. जेवण पुढे केलं की घ्यायची, एवढंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोधू कामावर निघण्याआधी भिंतीशी टेकून चहा पीत होता. अंगात कामाचाच गडद निळा सदरा. सिंधुबाई मोरीकडून भिंत चाचपत आली आणि मध्येच थांबली. हात भिंतीवरून सुटला. मान थोडी तिरकी करून ती बघत राहिली. दोधू चहाचा घोट तसाच तोंडात धरून बसला.

"तुम्ही तठे बठेल शेतस ना?"

त्याने घोट गिळला.

ती दोन पावलं पुढे आली, कुठेही न अडखळता. त्याच्या समोर वाकली, आणखी वाकली, आणि तिचा चेहरा एकदम पडला. "कितला वाळी गयात वो तुम्ही! कोनी जेवाले देत नही का?"

वर्षभर जेवण तोच करत होता. दोधू हसायला गेला आणि हुंदकाच बाहेर आला. सिंधुबाईने त्याच्या हातातला कप काढून घेतला.

"सरका तथाईन," ती म्हणाली, "पीठ कोठे ठी दिन्हं ते सांगा."