सांगलीच्या रंगमंचावर मी पाडलेला पाऊस

कवठे महांकाळला पाऊस पडत नाही, म्हणून माझं घर चालतं. ठिबक आणि तुषार सिंचनाच्या सामानाचं दुकान आहे माझं. पाण्याचा थेंब कुठं, किती आणि कसा पाडायचा हे विचारायला लोक माझ्याकडे येतात. म्हणजे या विषयातला मी जाणकार माणूस! (ही समजूत माझ्या एकट्याचीच होती, हे पुढे कळलं.)

तर झालं असं की, आमची बायको नाटकात उभी राहिली.

सुनंदा अंगणवाडी सेविका. माहेर औंधजवळचं. शाळेत असताना गॅदरिंगला तिनं म्हणे अख्खं गाव रडवलं होतं. लग्नानंतरच्या बावीस वर्षांत तिनं रडवलं ते फक्त मला, तेही कांदे चिरायला बसवून. पण गेल्या वर्षी आमच्या गावच्या माने सरांनी (निवृत्त शिक्षक, त्यामुळे उत्साह दुप्पट) सांगलीच्या एका हौशी नाट्यस्पर्धेसाठी बायकांचं नाटक बसवायला घेतलं आणि मुख्य भूमिका दिली सुनंदाला. दुष्काळी गावातली बाई तीन वर्षं पावसाची वाट बघते आणि शेवटच्या प्रसंगात पाऊस येतो. एवढीच गोष्ट. पण सुनंदा भाकरी थापताना संवाद म्हणायची, कपडे वाळत घालताना संवाद म्हणायची. तिला इतकी खुशीत मी कधी बघितलीच नव्हती. (लग्नाच्या फोटोतसुद्धा नाही. अल्बम काढून तपासलं.)

एका संध्याकाळी मी सहज तालमीला डोकावलो. माने सर सांगत होते, "शेवटी निळा प्रकाश आणि मोबाईलवरनं पावसाचा आवाज. बास."

"खोटा पाऊस?" मी दारातूनच ओरडलो. "सर, माझ्या दुकानात नोझलनी कपाटं भरलीत, आणि माझी बायको मोबाईलच्या पावसात भिजणार?"

सुनंदानं मला बाजूला घेतलं. "आवं, बावीस वरसांनी माझं म्हनून काय तरी करतीय मी. तुमी ह्यात पडू नका."

"मी कुठं पडतोय? मी पाडतोय! पाऊस!"

दुसऱ्या दिवसापासून आमच्या अंगणात प्रयोग सुरू झाले. मदतीला माझा शाळेपासूनचा मित्र रफिक, मोटर रिवायंडिंगवाला. पहिल्यांदा आम्ही बारीक फवाऱ्याचे नोझल लावले. पाऊस काही पडला नाही, नुसतं धुकं झालं. सुनंदा त्यात उभी राहिली ती थेट वाफेवरच्या इडलीसारखी दिसायला लागली. मग उसाला लावतात तो मोठा तुषार संच लावला. तो टिक-टिक-टिक करत गोल फिरला आणि शेजारच्या काकूंनी वाळत घातलेले पापड परत पिठात गेले. तिसऱ्या वेळी मी सरळ पाईपलाच खिळ्यानं भोकं पाडली. थेंब झकास पडले, पण लांबून दिसेनात. तेव्हा माने सरांनी मागच्या बाजूला एक दिवा धरला, आणि अहाहा! प्रत्येक थेंब चांदीच्या तारेसारखा चमकायला लागला.

सुनंदा त्या पाण्यात तोंड वर करून उभी राहिली. डोळे मिटलेले. आम्ही तिघं तिथं आहोत हे ती विसरूनच गेली.

"जमलं की वो," ती हळूच म्हणाली. "लय झ्याक जमलं."

बावीस वर्षांत मिळालेलं पहिलं सर्टिफिकेट! इथंच माझं डोकं फिरलं.

प्रयोगाच्या दिवशी सकाळीच आम्ही सांगलीच्या नाट्यगृहात पोचलो. मॅनेजरनं विचारलं, "थोडंसंच पाणी शिंपडणार ना?" मी म्हणालो, "अगदी थोडंसं." रंगमंचाच्या वर दिवे टांगायच्या लोखंडी दांडीला भोकांचा पाईप बांधला. खाली शेततळ्यात अंथरतात तो जाड प्लॅस्टिकचा कागद पसरला आणि चारी कडांना खाली विटा देऊन बांध केला, म्हणजे पाणी त्यातच साठावं. आता फक्त पाणी जोडायचं राहिलं होतं. ठरलं होतं ते एक ड्रम जोडायचं. पण मला वाटलं, एका ड्रमाचा पाऊस म्हणजे जेमतेम दोन मिनिटं. टाळ्या सुरू झाल्या आणि पाऊसच संपला तर?

"रफिक, डायरेक्ट गच्चीवरच्या टाकीला जोडू."

"दादा, ड्रमच बरा हाय. त्यो आपोआप संपतोय तरी."

"गड्या, थांबवायला व्हॉल्व्ह हाय की!"

रफिकनं माझ्याकडे बघितलं आणि गप टाकी जोडली. मैत्री फार वाईट असते.

दुपारी तीनला पडदा वर गेला. पुढच्या रांगेत तीन परीक्षक, आणि त्यांच्या शेजारी माझे सासरे, निवृत्त सुभेदार. कडक इस्त्रीचा फेटा, हातात छत्री. (लेकीचं काम बघायला औंधहून दोन एसट्या बदलून आले होते.) प्रकाश आला. भेगाळलेली जमीन, रिकामी घागर, आणि सुनंदा. काय उभी राहिली होती! माझ्या अंगावर काटा आला. तिनं प्रेक्षकांकडे बघितलं आणि म्हणाली,

"तीन वरसं झाली. आभाळानं एक थेंब टाकला न्हाई..."

टप्!

थेंब बरोबर नाकाच्या शेंड्यावर. 

प्रेक्षकांत खुसखुस झाली. सुनंदा डगमगली नाही. "एक थेंब न्हाई..."

टप्! टप्!

हशा! सुनंदानं पदरानं तोंड पुसलं आणि आभाळाकडे बघून म्हणाली, "प्यायला पानी न्हाई, आन् ह्यो घाम कुठनं येतोय मेला!" टाळी पडली. विंगेत मात्र माने सरांनी माझ्याकडे असं बघितलं, की पाचवीतला मी असतो तर बाकावर उभा राहिलो असतो.

"रफिक, व्हॉल्व्ह गळतोय! आवळ!" मी कुजबुजलो.

रफिकनं पान्हा लावला आणि आवळला. मला वाटलं, अजून आवळावा. मग मी आवळला. गळती थांबली आणि नाटक पुढे असं रंगलं की शेवटचा प्रसंग येईपर्यंत मी स्वतःच दोनदा डोळे पुसले.

ढग गडगडले. मागचा दिवा लागला. सुनंदानं तोंड वर केलं, हात पसरले.

"आला! आला गं बाई!"

काही नाही. मी व्हॉल्व्हची मूठ फिरवतोय, ती हलेना.

"आला... आला बगा!"

कोरडं ठाक. मागं उभ्या असलेल्या गावकरी बायकांतली एक गोंधळून म्हणाली, "कुठं आलाय?" हे नाटकात नव्हतं!

"आत्ता येतोय!" सुनंदा विंगेकडे बघून दात ओठ खात म्हणाली. "त्येला यावंच लागंल!"

मी आणि रफिक दोघांनी मिळून पान्ह्याला लोंबकळून हिसका दिला. कट्! मूठ माझ्या हातात आली. व्हॉल्व्ह सताड उघडा. आणि पाऊस कोसळला!

काय पाऊस होता! थेंब चमकत होते, बायका नाचत होत्या, सुनंदा चिंब भिजून हसत होती आणि रडत होती. सगळं नाट्यगृह टाळ्या वाजवत होतं. परीक्षक वाकून वाकून लिहीत होते. ते एक मिनिट मला कुणी आयुष्यभर पुरवून दिलं असतं तर बरं झालं असतं. पण मिनिट संपलं आणि पाऊस संपला नाही.

"बंद करा!" माने सर.

मी मुकाट्यानं मूठ दाखवली.

"मग वरनं बंद करा!"

वर म्हणजे गच्चीवर. गच्चीला कुलूप. किल्ली मॅनेजरकडे, आणि मॅनेजर चहाला! रफिक त्याला शोधायला पळाला. इकडे प्लॅस्टिकच्या कागदावर पाणी चढत चाललं. बायकांचे घोटे बुडाले. रिकामी घागर तरंगायला लागली. लाइटवाला ओरडला, "वायरी! वायरी!" आणि त्यानं रंगमंचावरचे सगळे दिवे घालवून प्रेक्षागृहातले लावले. त्या उजेडात सगळ्यांनी बघितलं, की पुढच्या कडेची एक वीट हळूहळू सरकतेय.

वीट गेली आणि बांध फुटला.

पाणी थेट पुढच्या रांगेत! परीक्षकांनी पाय खुर्चीवर घेतले. सासरे जागचे हलले नाहीत. त्यांनी शांतपणे छत्री उघडली आणि खड्या आवाजात हुकूम सोडला, "सुनंदा! पोझिशन सोडू नको!"

सुनंदानं पोझिशन सोडली नाही. ती पुढे आली, आभाळाला हात जोडले आणि म्हणाली, "बास झालं रं देवा! येवढं न्हवतं मागितलं!"

नाट्यगृह फुटलं. लोक पोट धरून हसत होते. मला वाटलं, टाकीकडून येणारा पाईप पलीकडच्या विंगेत आहे, निदान तो तरी हातानं मुरगळावा. म्हणून मी एका हातात पान्हा घेऊन तसाच रंगमंचावर धावलो. प्रेक्षकांना वाटलं, वरुणदेवच अवतरला! सुनंदानं माझ्याकडे बोट केलं. "ह्योच त्यो! म्हनलं हुतं ह्येला, ह्यात पडू नको म्हनून!" (बावीस वर्षांत पहिल्यांदाच तिनं मला अरे-तुरे केलं, तेही सहाशे लोकांसमोर.)

आणि मी पडलो. ओल्या प्लॅस्टिकवर जो घसरलो, तो बसल्या बैठकीला सगळा रंगमंच पार करून, बांध फुटला तिथून बाहेर पडून, मधल्या परीक्षकबाईंच्या खुर्चीशी जाऊन थांबलो. सासऱ्यांनी छत्री माझ्यावर धरली.

"चोट लगी क्या, जावईबापू?"

"न्हाई."

"मग उठा. लोक बघत्यात."

रफिकनं मॅनेजरला गाठून गच्चीवरची टाकी बंद केली तेव्हा कुठं पाऊस थांबला. मग मी आणि रफिकनं तो हॉल कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत पुसून काढला. सुनंदा त्यानंतर आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. मी चारदा माफी मागितली. पाचव्यांदा म्हणाली, "त्या एका मिनिटात मला खरंच वाटलं हुतं वो, पाऊस आला म्हनून." आणि भाकरी थापायला लागली. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

निकाल लागला. नाटकाला काही मिळालं नाही, पण अभिनयाचं पहिलं बक्षीस सुनंदाला! प्रसंगावधानाबद्दल परीक्षकांनी खास कौतुक केलं होतं. माझ्या घसरण्याचा व्हिडिओ मात्र अजून फिरतोय. परवा एक गिऱ्हाईक दुकानात येऊन म्हणालं, "दादा, त्यो सांगलीवाला सोडून कुठला बी व्हॉल्व्ह द्या."

बक्षिसामुळं साताऱ्याहून प्रयोगाचं बोलावणं आलं. या वेळी मला विंगेत यायला बंदी. मी तिकीट काढून मागं, पंधराव्या रांगेत बसलो. शेवटचा प्रसंग आला. विंगेत बायकांनी सुपांत ज्वारी घेतली आणि हळूहळू घोळवायला लागल्या. सर्रर्र... सर्रर्र... माने सरांनी पत्र्याचा तुकडा हलवून ढग गडगडवले. सुनंदानं तोंड वर केलं, डोळे मिटले आणि कोरड्या गालांवरनं पदरानं पाणी पुसलं. एक थेंब नव्हता हो! पण माझ्या शेजारच्या बाईंनी पिशवी पोटाशी धरली, आणि मी, ठिबक आणि तुषार सिंचनातला जाणकार, खिशातला रुमाल काढून डोक्यावर टाकला.

प्रयोगानंतर मी भीत भीत तिच्याजवळ गेलो. "सुनंदा, पाऊस लय झ्याक पडला गं."

ती हसली. म्हणाली, "पडनारच की. तुमी लांब बसला हुता न्हवं?"