आक्कांचं एका धड्याचं इंग्रजी

योग्य वेळेबद्दल इंग्रजी भाषेत जे जे म्हणून ठेवलेलं आहे, ते सगळं माझ्या थोरल्या नणंदेला तोंडपाठ आहे. आणि त्यापलीकडचं इंग्रजी त्यांना अजिबात येत नाही. यात अतिशयोक्ती नाही. गारखेड्यात आक्कांच्या घराजवळ, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत, मध्यंतरी फाडफाड इंग्रजी शिकवणारा एक क्लास निघाला होता. पन्नाशी उलटलेल्या आक्का कडक इस्त्रीची साडी नेसून कॉलेजच्या पोरींच्या शेजारी पहिल्या बाकावर जाऊन बसल्या. सरांनी काय मनात आणून कोण जाणे, सुरुवातच केली ती योग्य वेळेच्या धड्यापासून. तो धडा घोळून घोळून पक्का झाला आणि पुढच्या सोमवारी खोलीला कुलूप. सरांना पुण्यात नोकरी लागली होती. बाकीच्या बायका चिडल्या, आक्का मात्र खूश. "एक धडा झाला ना पक्का? मग बस की. माणसाला असं कितीक इंग्रजी लागतंय?" असं म्हणून त्यांनी ते तेवढं इंग्रजी कमरेला खोचलं आणि गावभर वापरायला काढलं.

आमच्या शहरात नळाला पाणी येतं ते पाहुण्यासारखं, त्याच्या मर्जीनं. नळ फुरफुरला की आक्का कळशी घेऊन त्याच्यासमोर उभ्या राहतात आणि दटावून म्हणतात, "अबाउट टाइम!" दारावर भाजी आणणाऱ्या चाचांशी कोथिंबिरीचा भाव करताना त्यांचा शेवटचा घाव "नाऊ ऑर नेव्हर!" असा असतो. चाचाही मुरलेले. ते जुडी पुढं करून म्हणतात, "आपा, सुबू सुबू नेव्हर नक्को बोलो, ले लेव." सून चहा गाळायला घाई करू लागली की "द टाइम इज नॉट राइप", आणि दाजींनी, म्हणजे आक्कांच्या यजमानांनी, जेवण कधी असं विचारलं की "ऑल इन गुड टाइम". दाजींना इंग्रजी येत नाही, पण जेवायला वेळ आहे एवढं त्यातून त्यांना बरोबर कळतं.

त्यांचा सगळ्यात गाजलेला पराक्रम एका लग्नातला. आमच्याकडच्या लग्नात मुहूर्त पत्रिकेवर छापलेला असतो तेवढाच. प्रत्यक्षात वर-वधू हार घेऊन ताटकळत उभे आणि माइकवर मान्यवरांचे सत्कार चाललेले. त्या दिवशी फेटे संपले तरी मान्यवर संपेनात. नवरीला घेरी यायची वेळ आली, तशी आक्का तरातरा मंचावर चढल्या, सत्काराला उभ्या असलेल्या पुढाऱ्याच्या शेजारून हात घालून त्यांनी माइक घेतला आणि सगळा मंडप हादरेल अशा आवाजात म्हणाल्या, "हाय टाइम!" गुरुजी इतके दचकले की त्यांनी थेट मंगलाष्टकंच सुरू केली. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली. जेवणावळीत वरपक्षाचे लोक हळूच विचारत होते, या बाई कलेक्टर कचेरीत मोठ्या हुद्द्यावर आहेत का?

अशा या बाईची वेळ एकाच ठिकाणी अडली होती, आणि ते ठिकाण म्हणजे आमचं घर. माझे सासरे गेल्यावर वेरूळच्या अलीकडच्या शेताची वाटणी निघाली. आमच्या भागात बहिणीनं हक्कसोड करून द्यायची, भावानं साडीचोळी करायची, हे इतकं ठरलेलं की कुणी विचारतही नाही. आमच्या ह्यांनीही विचारलं नाही. सही कधी करतेस एवढंच म्हणाले. आक्का म्हणाल्या, "सही नाय करत. बापाच्या रानात माझापण तुकडा पाहिजे." तुकडा मिळाला, मध्ये बांध पडला, आणि ह्यांचं बोलणं बंद झालं. या भावाला आक्कांनी लहानपणी कडेवर घेऊन वाढवलेलं. तरी भाऊबीजेला त्या ताट करून दाराकडे बघत बसायच्या आणि हे घरात टीव्हीचा आवाज मोठा करून बसायचे. कितीतरी दिवाळ्या अशा गेल्या. मी दोघांचा मधला टेलिफोन. मला ह्यांचा राग यायचा, आणि कीवही यायची.

कीव विशेषतः हुरड्याच्या दिवसांत यायची. पूर्वी या घरात हुरडा म्हणजे दोघांचं मिळून एक काम होतं. ज्वारीचं कणीस दाबून, आज खुडायचं की परवा, हे आक्कांनी सांगायचं. आणि आगटीतल्या विस्तवातून ते नेमकं कधी बाहेर काढायचं, हे ह्यांनी नुसत्या वासावरून ओळखायचं. भांडणानंतर हुरड्याची ज्वारी आक्कांच्या तुकड्यात राहिली आणि ह्यांनी हट्टानं हरभरा पेरला. मग हिवाळ्यात बायपासवरच्या गाड्यावरून गार झालेला हुरडा पुडीत बांधून आणायचे, दोन घास चघळायचे आणि पुडी माझ्याकडे सरकवून म्हणायचे, "याला हुरडा म्हणत्यात व्हय!" या हिवाळ्यात तर पुडी न सोडताच ठेवून दिली. मी आक्कांना फोन करून हे सांगितलं.  पलीकडून आवाज आला, "द टाइम इज राइप. रविवारी त्याला हरभरा बघायला घिऊन ये. मी हाय म्हणून सांगू नको."

आम्ही पोचलो तेव्हा आक्कांनी अगदी बांधाला लागून आगटी पेटवली होती, वारा आमच्या हरभऱ्याकडे वाहत होता. ह्यांनी बहिणीकडे पाठ केली आणि नसलेलं तण उपटायला सुरुवात केली. मी बांधावर आक्कांशेजारी बसले. त्यांनी गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसली आणि मला माझ्या गुडघ्याचं दुखणं विचारू लागल्या. खरपूस गोड वास सुटला. ह्यांची पाठ ताठ झाली. हीच काढायची वेळ, हे मलासुद्धा कळलं. पण आक्का गुडघ्याला कुठलं तेल चांगलं ते सांगत होत्या. वास बदलायला लागला. हे तिकडूनच मला म्हणाले, "तिला सांग, काढ म्हणावं." मी काही बोलायच्या आत आक्का मला म्हणाल्या, "त्याला सांग, ऑल इन गुड टाइम."

धूर काळा झाला. जन्मात कधी वेळ न चुकवलेली ती बाई हात मांडीवर ठेवून शांत बसली होती, आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या मुद्दाम जाळत होत्या. आपल्या तुकड्यातली सगळ्यात चांगली कणसं निवडून आणून जाळत होत्या.

"अगं आक्का, करपायलंय ना सगळं! काढ की!" हे ओरडले, आणि हरभरा तुडवत, बांध ओलांडून आले. उघड्या हातानं कणसं ओढली, या हातातून त्या हातात झेलली, फुंकली, आणि एवढ्या वर्षांचा सगळा राग त्या विस्तवावर काढला. "अक्कल हाय का तुला? बापानं हेच शिकवलं व्हय?"

आक्का उठून उभ्या राहिल्या. पदर खोचला, आणि ऐन वेळेला धावून आलेल्या भावाला वेरूळच्या डोंगरापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "इन द निक ऑफ टाइम!" लग्नाच्या मंडपातसुद्धा त्यांचा चेहरा असा फुललेला मी पाहिला नव्हता.

ह्यांना आपण बोललो हे तेव्हा कळलं. आता गप्प बसण्यात अर्थ नव्हता. त्यांनी कणीस तळहातावर चोळलं, फुंकर मारून कुसळं उडवली, आणि पहिली मूठ आक्कांपुढं धरली. माझे सासरेही पहिली मूठ लेकीलाच द्यायचे. आक्कांनी ती तोंडात टाकली.

"कसा झालाय?"

"करपट."

"तुझ्यामुळं."

"व्हय. माझ्यामुळं," आक्का म्हणाल्या आणि पुन्हा हात पुढं केला. नंतरची कणसं ह्यांनी भाजली. ती कशी झाली होती हे सांगून वाचकांना त्रास देत नाही. शेंगदाण्याची चटणी संपली तरी दोघं खात होते आणि एकमेकांच्या चुका काढत होते.

ऊन कलल्यावर हे मोटार बघायला विहिरीकडे गेले. आक्का राख सारखी करत बसल्या होत्या. दिवसभराचा विजय अंगावर होता, पण इंग्रजी थांबलं होतं. विहिरीवर वाकलेल्या भावाकडे त्या बघत होत्या. त्याचे केस बरेच पांढरे झाले होते. जवळून ते त्यांनी आजच पाहिले असणार. मी गमतीनं म्हटलं, "आक्का, आता काय म्हणायचं असतं इंग्रजीत?"

"ठावं नाय बाई," त्या म्हणाल्या. "पुढचा धडा निघून गेलेल्या वेळंचा व्हता. सरांनी पुस्तकात दाखवला व्हता." मग डोळ्यांत धूर गेल्यासारखा पदर लावला. आगटी तर केव्हाच विझली होती. "बरं झालं, त्याच्याआधीच क्लास बंद पडला."