थोरा आणि वादळातला बंब

जटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या त्या गावात वारा घरचाच. पण थोराचं त्याच्याशी कधी जमलं नाही. ती लहान असताना वडिलांची होडी वादळात गेली ती गेलीच. लग्नानंतर वारा घोंगावू लागला की एस्किल हातातलं काम टाकून तिच्याशेजारी येऊन बसे. बोलायचं काही नाही, नुसतं बसायचं.

एस्किल गावच्या उष्णता केंद्रात कामाला. तिथून नळांतून गरम पाणी घरोघरी जाई आणि घरं उबदार राहत. आधी ते गॅसवर तापे. पुढे किनाऱ्यावर पवनचक्क्या इतक्या झाल्या, की वादळात वीज उतू जाऊ लागली. एक तर चक्क्या थांबवायच्या, नाहीतर ती वीज कुठेतरी मुरवायची. म्हणून केंद्राने विजेवरचा भला मोठा बंब बसवला. विजेच्या ग्रिडकडून निरोप आला की एस्किलने तो सुरू करायचा. म्हणजे ऐन वादळात त्याने बाहेर पडायचं आणि थोराने एकटीने बसायचं.

पहिल्या वादळाला ती गप्प राहिली. दुसऱ्याला नाही.

"जन्मभर माझ्याजवळ बसलास. आता वारा सुटला की त्याच्याच चाकरीला पळतोस."

बुटाची नाडी बांधता बांधता एस्किल थांबला. "मग चल माझ्याबरोबर."

"त्या यंत्रांत मी काय करू?"

"कॉफी कर. माझ्या हातची तुला कधी आवडलीय?"

ती गेली; गाडीत डोळे मिटूनच होती. केंद्राचं पत्र्याचं छप्पर थडथडत होतं. निरोप आला तसा एस्किल बाजूला सरला.

"तूच दाब."

"बिघडलं काही, तर?"

"तर माझ्या नावावर घालू."

तिने बटण दाबलं. बंब घुमू लागला. थोड्या वेळाने एस्किलने तिचा तळवा उबदार झालेल्या नळावर ठेवला.

"हे सगळं वाऱ्याचं?" तिने विचारलं.

"त्याचंच. उद्या वारा पडला, तरी गाव या साठवलेल्या पाण्यावरच उबेत राहील."

थोराने हात काढला नाही. "मला वाटायचं, मेला नुसता घेऊनच जातो."

समुद्रावर ती पुढेही कधी गेली नाही. पण वादळ आलं की विणकाम घेऊन केंद्रात येऊ लागली. एस्किल निवृत्त झाल्यावर त्याच्या जागी बिर्गिट आली. हवा फिरली की ती फोन करी, "थोरा, निघालात ना? कॉफी खोळंबलीय."

मग दोघं निघत. गाडी एस्किल चालवी, आणि थोरा त्याला हळू चालवल्याबद्दल बोलत राही.