तीस नग लुंबिनीला

आमच्या पांढुर्ण्याच्या गल्लीत अजूनही कोणाच्या अंगणात संत्र्याची रिकामी पेटी दिसली, की एखादा जाता जाता हळूच म्हणतो, "नग!" आणि ऐकणारा कपाळाला हात लावून हसत सुटतो. नव्याने लग्न होऊन आलेल्या सुनांना वाटतं, काय बाई वेड्या गल्लीत पडलो! मग त्यांना ओट्यावर बसवून सगळं सांगावं लागतं. सांगता सांगता एका किश्श्याचे चार होतात, अन् चौथा मूळचाच होता असं सगळे शपथेवर सांगतात. मी सांगते ते मात्र मूळचे. कारण मी तिथे होते. मी सगळीकडेच असते.

त्याची सुरुवात झाली वानखेडे गुरुजींच्या घरी. गुरुजी शाळेतून नुकतेच रिटायर झाले होते. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. लोक म्हणतात मी भिंतीला कान लावते. मी कशाला लावू? भिंतच पातळ आहे!

तर एका सकाळी भिंतीपलीकडून गुरुजींचा आवाज आला, "परदेश म्हंजे परदेशच! नेपाळ काय आपल्या तिगावच्या पलीकडं हाय काय?"

मी पोळी तव्यावर टाकून तशीच गेले. गुरुजींनी ठरवलं होतं की पांढुर्णा आणि सौंसरच्या बौद्ध मंडळींना घेऊन माघ पौर्णिमेला लुंबिनीला जायचं. मी म्हटलं, "मी पण येतो." गुरुजी म्हणाले, "तुमी कायले? तुमचा तर जामसांवलीचा मारुती." मी म्हटलं, "मारुतीले सांगून येतो ना!" मोजणी झाली. माझ्यासकट माणसं तीस.

*

तिकडच्या धर्मशाळेचं आधीच पत्र होतं. खोल्या मिळतील, पण अंथरूण-पांघरूण आणि शिधा आपापला आणा, थंडी फार आहे. आता तीस रजया, तीस जणांचं पीठ, डाळ, तिखट घेऊन इटारसीला गाडी बदलायची म्हणजे मरणच! तेव्हा मीच तोड काढली. माझ्या दिरांचा ट्रक सौंसरहून संत्री घेऊन गोरखपूरच्या मंडीत जायचा. माणशी एक संत्र्याची पेटी भरायची, ट्रकने पुढे पाठवायची. माल उतरला की तोच ट्रक आपल्या पेट्या सरहद्दीवरच्या नाक्यापर्यंत नेईल आणि तिथून धर्मशाळेचा ट्रॅक्टर. आपण मोकळ्या हातांनी रेल्वेने.

गुरुजी धर्मशाळेला तार करायला पोस्टात गेले. जन्मभर गणित शिकवलेला माणूस. एक शब्द फुकट गेलेला खपायचा नाही. माणसं तीस, पेट्या तीस. दोन्ही वेगळं कशाला लिहायचं? त्यांनी तार केली, "तीस नग पौर्णिमेला पोचतात. जागा ठेवा."

दहा-बारा दिवसांनी हिंदीत उत्तर आलं. गुरुजींनी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. "आपके तीस नग के लिए गोदाम खाली करवा दिया है। कृपया लिखें कि माल धूप में रखना है या छाँव में।"

गुरुजी चष्मा पुसत बसले. आतून गुरुजींच्या बाई म्हणाल्या, "लिहून द्या, नगाले सकायी चहा लागते!"

*

पेट्या ओळखू येण्यासाठी गुरुजींनी हुकूम सोडला, "परतेकानं आपल्या पेटीले खूण करा."

दुसऱ्या दिवशी बाजाराच्या आवारात तीस पेट्या उभ्या राहिल्या. प्रत्येक पेटीला लाल लुगड्याची चिंधी!

गुरुजी चिडले. "अरे, समद्यांची लालच काहून?"

शेवंताबाई, म्हणजे आमच्या समोरच्या घरातली, फार फटकळ. ती म्हणाली, "लाल लांबून दिसते ना गुरुजी!"

मग पेंटर बोलावला. त्याने प्रत्येक पेटीवर माणसाचं नाव, आणि खाली मोठ्या अक्षरात 'लुंबिनी' असं घातलं. आम्ही जेवायला घरी गेलो. परत येऊन पाहतो तर दहा पेट्या गायब! रडारड झाली. शोधता शोधता कळलं, की हातठेल्यावाल्याने पत्ता वाचला आणि पेट्या टेकडीखालच्या लुंबिनीनगरात नेऊन टाकल्या. आपल्याच पांढुर्ण्याची नवी वस्ती ती!

शेवंताबाई म्हणाली, "पाहा बरं! अन् लोक म्हनतात परदेशात सामान पाठवाले टाइम लागते."

*

या पेट्या बाजारात जायच्या आधी त्या भरायला मी घरोघर गेले होते. कोणी बोलावलं होतं असं नाही. पण हात लागला तर बरंच असतं. त्यामुळे कोणाच्या पेटीत काय, हे मला मालकापेक्षा जास्त ठाऊक. राहिली होती फक्त सरूबाईची.

सरूबाई दुसऱ्यांच्या कापसात निंदण-वेचणीला जाणारी. नवरा जिनिंगमध्ये हमाल होता, शामराव. फार शांत माणूस. लुंबिनीला जाऊन तिथल्या भंतेजींना चिवर, म्हणजे भिक्खूंचं वस्त्र, द्यायचं, हे त्याच्याच मनात होतं. तो गेला, अन् ते राहून गेलं.

सरूबाई आपणहून माझ्या मागच्या अंगणात आली, आणि पदराखालून एक घडी काढली. संत्र्यासारखा, पळसफुलासारखा पिवळा रंग. तुकड्याला तुकडा जोडून, वावराचे धुरे काढावेत तशी सरळ शिवण.

मी म्हटलं, "चिवर! कुठून आणलं?"

"आनलं नाही. त्याहिचे धोतर होते दोन. विहारात जाचे तवाच घालत. तेच फाडून शिवले. मागच्या होळीले पयसाचे फुलं वायवून ठेवले होते, त्यात रंगवले." मग खाली बसून म्हणाली, "ते समोर गेले, मी मांगं रायली. निदान त्याहिचं धोतर तं जाऊन पोचू द्या."

"मग एवढं लपवून काहून राहिली?"

"लोक म्हनतीन, सरूनं भंतेजीले जुनं फडकं नेसवलं. सांगजा नोको कोनाले."

"मी? मी कशाला सांगू?"

सरूबाईने माझ्याकडे असं पाहिलं, की मी मारुतीची शपथ घेतली. चिवर पिठाच्या पिशवीखाली ठेवलं आणि पेटीला खिळे मीच ठोकले.

तेव्हापासून सरूबाईचं नाव निघालं, की मी तोंडात सुपारी टाकायची, ती थेट सरहद्दीच्या नाक्यापर्यंत!

*

इटारसीला गाडी बदलायची होती. शेवंताबाईने हमालाला विचारलं, "गोरखपूरवाली कहाँ लगेगी?" हमाल म्हणाला, "सामने।"

आता आमच्याकडे 'समोर' म्हणजे पुढे. 'समोर जा' म्हटलं की माणूस पुढे चालू लागतो. त्या बिचाऱ्याने समोरचा प्लॅटफॉर्म सांगितला होता. शेवंताबाई सात-आठ बायकांना घेऊन नाकासमोर चालू लागली. प्लॅटफॉर्म संपला, उतार संपला, सिग्नलचा खांब आला. एक रेल्वेवाला हिरवा झेंडा काखेत मारून पळत आला, "माताजी, कहाँ जा रही हो?"

शेवंताबाई म्हणाली, "गोरखपूर!"

"पैदल?"

*

गोरखपूरला उतरून आम्ही पेट्यांसाठी मंडीत पोचलो तेव्हा ट्रक उभा होता, पण आमच्या चार पेट्या चुकून संत्र्यांच्या थप्पीत लागल्या होत्या. त्यातली एक शेवंताबाईची. आता शेवंताबाईने भंतेजींना द्यायला म्हणून रजईच्या वर एक थर संत्र्यांचा लावलेला. दलालाने झाकणाची फळी उचकटली, वर पाहिलं तर संत्री! त्याने बोली सुरू केली.

शेवंताबाई किंचाळली, "अरे, खाली माही रजई हाय! माह्या नवऱ्याचे स्वेटर हायेत!"

कोण ऐकतो त्या गोंगाटात? बोली चढत गेली. शेवंताबाई हळूहळू गप्प झाली. पदर सावरून कौतुकाने ऐकायला लागली. तेवढ्यात एका व्यापाऱ्याने पेटीत हात खुपसला, खालून स्वेटरची बाही ओढून काढली आणि म्हणाला, "आधे में भी नहीं लूँगा!"

बोली चढली तेव्हा शेवंताबाईला राग आला नव्हता. उतरली तेव्हा आला! "आधे में? हातानं विनलेला हाय तो! नीट पाह्य!"

सरूबाई मात्र सगळ्या थप्प्या हिंडून आपली पेटी शोधत होती. सापडली तेव्हा ती तिच्यावर बसली, आणि पेटी ट्रकमध्ये चढवायची वेळ येईपर्यंत उठली नाही.

*

नाक्यावर पत्र्याची शेड, टेबल, जाडजूड रजिस्टर आणि पोलादासारखा चेहरा करून बसलेला साहेब. पेट्या ओळीने मांडल्या होत्या. साहेब एकेकाला विचारू लागला, "इसमें क्या है?"

आमची माणसं साहेब पाहून घाबरलेली. "सामान हाय."

"कैसा सामान?"

"आमचंच."

साहेबाने हातोडी मागवली. एकेक पेटी फोडत बसला असता तर पौर्णिमा तिथेच उगवली असती! मग मला राहवलं नाही. मी पुढे झाले.

"साहब, ये शेवंताबाईकी। आटा, तूर दाल, लाल रजई, एक कोपरा उसवेला है, और संतरे। मंडीमें दो खा लिये, इसलिए कम हैं। ये गुरुजीकी। आटा, मिर्ची, मफलर, और नीचे मफलर में लपेटके तंबाखू की डबिया।"

गुरुजींच्या बाई मागून म्हणाल्या, "कायची डबी?"

साहेबाने खात्रीसाठी दोन पेट्या उघडून पाहिल्या. सगळं माझ्या सांगण्याबरहुकूम. तो माझ्याकडे पाहतच राहिला. "आप इन लोगों की लीडर हैं?"

"नहीं साहब."

"रिश्तेदार?"

"नहीं साहब. पड़ोसन."

साहेबाने हातोडी खाली ठेवली. "फिर खोलने की ज़रूरत नहीं। बोलती जाइए।"

*

एकोणतीस पेट्या पार झाल्या. शेवटची सरूबाईची.

"इसमें?"

मी म्हटलं, "आटा." आणि गप्प झाले.

"और?"

मी पत्र्याकडे पाहत राहिले. शेवंताबाईने मला कोपर मारलं. "बोल ना वं! तुले तर समदंच मालूम असते!"

साहेबाचं पेन थांबलं. "यही खोलो।"

फळी निघाली. पिठाची पिशवी बाजूला झाली, आणि ती पिवळी घडी वर आली. साहेबाने ती टेबलावर ठेवली. "कपड़ा? नया कपड़ा उस पार नहीं जाएगा। बहुत लोग बेचने ले जाते हैं। यहीं जमा होगा।"

सरूबाईने टेबलाची कड धरली. मी मनात म्हटलं, मारुतीराया, आता तरी सोड मला शपथेतून! पण सरूबाईने मागे वळून पाहिलं. एकोणतीस माणसं कान टवकारून उभी होती. मग ती साहेबाकडे वळली. तिला हिंदी समजायची, पण तोंडून आपलीच भाषा निघायची.

"नवं नाही, साहेब," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "जुनं हाय. माह्या मालकाचं धोतर होय."

मागे शेवंताबाईने तोंड उघडलं. पण कधी नव्हे ते तसंच मिटलं.

साहेबाने 'मालक' एवढाच शब्द पकडला. "मालिक? तो माल मालिक का है। मालिक किधर है? बुलाओ उसको।"

"ते तं समोर गेले."

साहेबाने मान उंच करून आडव्या बांबूपलीकडचा रस्ता पाहिला. "सामने? उस पार?"

"हो. त्या पार."

"कब?"

"दोन वर्सं झाले."

"दो साल!" साहेब खुर्चीतून उठला. "बिना चेकिंग के? किसी ने रोका नहीं?"

"लय रोकलं, साहेब," सरूबाई म्हणाली. "म्या रोकलं, डाक्टरनं रोकलं. नाही थांबले."

 साहेब हळूच खाली बसला. मग त्याने ती घडी दोन्ही हातांनी उचलली, पेटीत होती तशी ठेवली, वर पिठाची पिशवीही स्वतःच ठेवली, आणि खडूने पेटीवर फुली मारली.

मग रजिस्टर पुढे ओढून लिहू लागला. मी सातवी पास आहे. आणि शेजाऱ्यांची पत्रं वाचून वाचून मला उलटं अक्षरही सुलटं दिसतं. मी टेबलापलीकडूनच वाचलं.

माल: कपड़ा, पुराना।

मालिक: पहले ही पहुँच चुके हैं।