कुकर फुंकून आलेली देवी

ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीत मराठी घरं पाच. माणसं कमी, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला किस्से जास्त येतात. यंदाच्या अष्टमीने तर वर्षाचा कोटा एका संध्याकाळीच संपवला.

नितीनची बायपास सोमवारी पर्थला होती. त्याच्या आईने, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या काकूंनी, ठरवलं की त्याआधी महालक्ष्मीपुढे घागर फुंकायची. बायका घागरीत फुंकर घालत नाचतात, देवी अंगात येते, लोक तिला प्रश्न विचारतात. काका हार्टने गेल्यापासून पुण्यात काकूंनी घागरीला हात लावला नव्हता. "इथे कोण बघतंय," म्हणाल्या.

*

घागर मिळेना. गावात सोन्याची खाण आहे, पण तांब्याची घागर नाही! शेवटी शिट्टी काढून पाच लिटरचा कुकर घेतला. मी फुंकून पाहिला, तर आतून कालच्या वरणाचा वास आला.

*

सागर खाणीत सेफ्टी ऑफिसर. त्याने नाचाचाही फॉर्म भरला. धोका: देवी अंगात येणे. उपाय: बाजूला होणे. वर काकूंना नऊवारीवर केशरी सेफ्टी जॅकेट घालायला लावलं. रंग शुभ आहे म्हणून काकूंनीही ते घातलं.

*

नाच सुरू झाला तेव्हा शेजारची मार्गारेटही बघायला आली. ती निवृत्त नर्स. आफ्रिकेत, कालाहारीतल्या कुंग लोकांत ती बरीच वर्षं राहिलेली. ती म्हणाली, तिथेही बायका गोल बसून टाळ्या वाजवत गातात, पुरुष भोवती नाचतात आणि नाचता नाचता वैदूचं अंग थरथरायला लागतं. मग तो सगळ्यांवर हात ठेवतो, धडधाकट माणसांवरसुद्धा. आजाऱ्याला न्यायला आलेल्या मेलेल्या नातेवाइकांना तो रागावून हाकलतो.

मी हे काकूंना मराठीत सांगितलं. त्या नाचायच्या थांबल्या.

"थेट मेलेल्यांनाच रागावतात?"

"हो. चांगलंच."

"मग आपण इतकी वर्षं देवीला कशाला मध्ये घालतो?"

*

पुन्हा टाळ्या सुरू झाल्या. कुकर घुमायला लागला. पाचव्या फेरीला काकूंचं अंग थरथरलं. सागर फॉर्मप्रमाणे बाजूला झाला. त्याची बायको शिल्पा प्रमोशनचं विचारायला पुढे सरकली, तिला ओलांडून काकू नितीनपाशी गेल्या. त्याच्या छातीवर हात ठेवला आणि फ्रिजवर लावलेल्या काकांच्या फोटोकडे वळल्या.

"अहो, एकट्याने जेवायची सवय नाही तुम्हाला, माहीत आहे मला. पण नितीनला हाक मारायची नाही. अगदीच करमत नसेल, तर मला बोलवा. माझा व्हिसा तसाही मार्चपर्यंतच आहे."